भूमिका-खेळांतील भुवनकल्पना

टेबलाभोवती बसून संवादाच्या व फाशांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या अद्‌भुतरम्य खेळांत मानवी जगाच्या पलीकडे कल्पिलेल्या जगांची रचना, त्यांचे परस्परसंबंध व त्यांतील प्रवासाचे नियम यांविषयीच्या कल्पनांचा समुच्चय. या खेळांना इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात; प्रस्तुत नोंदीत त्यांसाठी भूमिका-खेळ ही संज्ञा योजली आहे. त्यांतील पारलौकिक प्रदेशांना इंग्रजीत ‘प्लेन’ म्हणतात. भारतीय परंपरेतील चौदा भुवनांशी असलेले साम्य ध्यानात घेऊन येथे त्यांस भुवन असे म्हटले आहे. हे साम्य मर्यादित आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

भूमिका-खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो व ते पात्र काय करते, हे तोंडी सांगतो. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो, इतर सर्व पात्रांची बाजू सांभाळतो आणि नियम व फासे यांच्या आधारे कृतीचा परिणाम ठरवितो. पट, सोंगट्या वा नकाशे वापरता येतात. मात्र ते अनिवार्य नाहीत. खेळाचे खरे स्थळ सर्वांच्या सामाईक कल्पनेत असते. त्यामुळे स्वर्ग-नरकासारख्या स्थळी जाणे हे शेजारच्या गावी जाण्याइतकेच सुलभ ठरते. अडचण वेगळीच असते. तेथे पोहोचल्यावर काय दिसेल, कोणते नियम लागू होतील आणि तेथे जाण्याला अर्थ कोणता, हे प्रश्न सूत्रधाराला सोडवावे लागतात. भुवनकल्पनेचा इतिहास हा मुख्यतः या प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : भूमिका-खेळांचा उगम अमेरिकेतील हौशी युद्धखेळांच्या मंडळांत झाला. गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये चेनमेल हा मध्ययुगीन लढायांचा नियमसंग्रह प्रसिद्ध केला; त्यात अद्‌भुत प्राणी व मंत्र यांसाठी एक पुरवणी होती. डेव्ह आर्नसन (१९४७–२००९) यांनी ब्लॅकमूर या आपल्या काल्पनिक प्रदेशात एकेका पात्राच्या दीर्घकालीन साहसांना महत्त्व दिले. या दोघांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निर्माण झाला. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावी स्थापन झालेल्या टॅक्टिकल स्टडीज रूल्स या छोट्या संस्थेने त्याच्या आरंभी १,००० प्रती काढल्या. पुढे टीएसआर या नावाने ही संस्था प्रसिद्धीस आली.

भुवनांची शब्दकळा मात्र या खेळाहून जुनी आहे आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. हेलेना ब्लाव्हॅट्‌स्की (१८३१–९१) व हेन्री स्टील ऑल्कट (१८३२–१९०७) यांनी इतरांच्या साहाय्याने १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना केली. १८७९ मध्ये हे दोघे मुंबईस आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथूनच द थिऑसॉफिस्ट हे मासिक निघू लागले. १८८२ च्या अखेरीस संस्थेचे मुख्यालय मद्रासजवळील अड्यार येथे हलविण्यात आले. विश्व हे स्थूलापासून सूक्ष्मापर्यंत एकात एक मिसळलेल्या स्तरांचे बनलेले आहे, असे या पंथाचे प्रतिपादन होते. त्याच्या मांडणीत पाश्चात्त्य गूढविद्या आणि कामलोकासारख्या संस्कृत संज्ञा एकत्र आल्या. चार्ल्स लेडबीटर (१८५४–१९३४) यांच्या द ॲस्ट्रल प्लेन (१८९५) या पुस्तकासारख्या लेखनातून ‘ॲस्ट्रल’ व ‘ईथरी’ हे शब्द सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वस्त कथामासिके व चित्रकथा यांच्या नेहमीच्या सामग्रीत त्यांचा समावेश झालेला होता. सूक्ष्म देह स्थूल देहाशी रुपेरी तंतूने जोडलेला असतो, ही गूढवाद्यांची प्रिय कल्पना भूमिका-खेळाने पुढे जशीच्या तशी उचलली. तो तंतू तुटल्यास पात्र मरण पावते, असा नियमच केला गेला.

दुसरा स्रोत ललित वाङ्मयाचा होय. एल. स्प्रेग डी कँप (१९०७–२०००) व फ्लेचर प्रॅट (१८९७–१९५६) यांच्या १९४० पासून प्रसिद्ध झालेल्या हॅरल्ड शे कथांत एक मानसशास्त्रज्ञ तर्काची गृहीतके बदलून नॉर्स पुराणकथांच्या जगात जातो. तेथे त्याच्या आगपेटीतील काड्या पेटत नाहीत, कारण त्या जगाचे नियम निराळे आहेत. पोल अँडरसन (१९२६–२००१) यांच्या थ्री हार्ट्‌स अँड थ्री लायन्स या कादंबरीतून आणि मायकेल मूरकॉक (१९३९– ) यांच्या एल्‌रिक कथांतून नियमबद्धता व स्वैरता या दोन विश्वशक्तींचा संघर्ष खेळात आला. रॉजर झेलाझ्नी (१९३७–९५) यांच्या ॲम्बर मालिकेने अनंत जगांमधून चालत जाणाऱ्या राजकुलाची कल्पना पुढे आणली. १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथाला जोडलेल्या वाचनसूचीत गायगॅक्स यांनी या सर्व लेखकांचे ऋण मान्य केले आहे.

आरंभीचे स्वरूप : १९७४ च्या मूळ पुस्तिकांत भुवनांचा नकाशा नाही. तेथे वरच्या भुवनांशी संपर्क साधण्याचा एक मंत्र आहे. भुवनांना केवळ क्रमांक आहेत. भुवन जितके वरचे, तितके तेथून अधिक प्रश्नांची उत्तरे मिळण्याची व ती खरी असण्याची शक्यता मोठी. मात्र तितकाच प्रश्नकर्त्याला वेड लागण्याचा धोकाही मोठा. ज्ञान व त्याची किंमत यांचा हा सरळ हिशेब पुढील सर्व विस्ताराचे बीज म्हणता येईल. १९७५ च्या ग्रेहॉक या पुरवणीत ॲस्ट्रल प्रवासाचा मंत्र आला. १९७६ च्या एल्‌ड्रिच विझर्ड्री या पुरवणीत ऑर्कस, डेमोगॉर्गन इ. दैत्यराज अवतरले. प्राणी आले, मंत्र आले. मग त्यांचे निवासस्थान कोठे आहे, हा प्रश्न अटळ झाला.

त्याला उत्तर देण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न गायगॅक्स यांनी जुलै १९७७ मध्ये द ड्रॅगन या मासिकाच्या आठव्या अंकातील लेखात केला. एकाच वेळी अस्तित्वात असलेली अनंत भुवने त्यांनी गृहीत धरली. काही प्राण्यांना साध्या शस्त्राने इजा होत नाही, या जुन्या नियमाची उपपत्तीही त्यांनी याच कल्पनेने लावली. असे प्राणी एकाहून अधिक भुवनांत एकाच वेळी वावरतात. म्हणून एकाच भुवनातील पोलाद त्यांना पुरे पडत नाही. येथे विश्वरचनेचा जन्म श्रद्धेतून झालेला नाही. नियमांतील उणिवा भरून काढण्याच्या गरजेतून तो झाला आहे.

महाचक्र : १९७८ च्या खेळाडू-ग्रंथाच्या परिशिष्टात ही रचना आकृतीसह स्थिर झाली. मध्यभागी मूल भौतिक भुवन. त्याच्या भोवती पृथ्वी, आप, तेज व वायू या चार महाभूतांची आणि जीवनशक्ती व विनाशशक्ती यांची आंतर भुवने. या सर्वांत भिनलेले ईथरी भुवन. आणि ॲस्ट्रल भुवनामार्गे गाठावयाची सोळा बाह्य भुवने, असे तिचे स्वरूप होते. तिला पुढे ‘ग्रेट व्हील’ म्हणजे महाचक्र हे नाव रूढ झाले. महाभूतांच्या यादीत आकाशाचा समावेश नाही, कारण ती ग्रीक परंपरेतून घेतलेली आहे.

बाह्य भुवनांची मांडणी नैतिक तत्त्वावर आधारलेली होती. १९७४ मध्ये पात्रांचे नैतिक कल नियमबद्ध, तटस्थ व स्वैर असे तीनच होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये गायगॅक्स यांनी त्यांत सुष्ट व दुष्ट असा दुसरा अक्ष मिळविला, त्यामुळे १९७८ पर्यंत नऊ कल निश्चित झाले. नऊ कल व त्यांमधील छटा यांना एकेक प्रदेश देण्यात आला. नियमबद्ध सुष्टांसाठी सात स्वर्ग, स्वैर सुष्टांसाठी ऑलिंपस, नियमबद्ध दुष्टांसाठी नऊ नरक आणि स्वैर दुष्टांसाठी ६६६ थरांचे अगाध विवर अशी वाटणी झाली. नावे मिळेल तेथून घेतली गेली. नरकाच्या थरांपैकी डिस व माल्बोल्ज यांचे मूळ दान्तेच्या काव्यात आहे. ग्लॅड्‌शाइम नॉर्स, एलिझियम ग्रीक, तर गेहेन्ना हिब्रू परंपरेतील आहे.

या रचनेचे वैशिष्ट्य असे, की तिने नीतीला भूगोलाचे रूप दिले. सुष्टता व दुष्टता यांच्यातील अंतर चालून जाता येते, नकाशावर मोजता येते, असा तिचा ध्वन्यर्थ आहे. मध्ययुगीन यूरोपीय व पौराणिक भारतीय विश्वरचनाही नैतिक आहेत. पण पुराणांतील स्वर्ग हे कर्माचे फळ असते व पुण्य क्षीण झाल्यावर ते सुटते. महाचक्रात मात्र जिवंत साहसी माणूस तलवार घेऊन स्वर्गात वा नरकात शिरतो आणि लूट घेऊन परत येतो. पारलौकिक जग हे अंतिम गंतव्य न राहता मोहिमेचे क्षेत्र बनते. या बदलातच या कल्पनेचे आकर्षण आहे आणि तिच्यावरील आक्षेपांचे मूळही आहे.

प्रवास व नियम : १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन ऑफ द डेमनवेब पिट्स या डेव्हिड सदरलँड व गायगॅक्स यांच्या साहसात खेळाडू प्रथमच एका प्रदीर्घ कथामालेच्या शेवटी दैत्यराणी लॉल्थ हिच्या भुवनात उतरले. तेथे शस्त्रांचे जादूई सामर्थ्य घटते, पुरोहितांचे मंत्र वेगळे वागतात आणि अनेक दारे अनेक निराळ्या जगांत उघडतात. परके भुवन म्हणजे निराळे नियम, हे सूत्र येथून दृढ झाले. ॲस्ट्रल भुवनाला गिथयांकी या योद्धाजातीने चेहरा दिला. रुपेरी तंतू कापू शकणाऱ्या तलवारी बाळगणारी ही जात चार्ल्स स्ट्रॉस यांनी किशोरवयातच निर्मिली. १९७९ मध्ये व्हाइट ड्वार्फ या ब्रिटिश मासिकात आणि १९८१ मध्ये फीन्ड फोलिओ या ग्रंथात ती प्रसिद्ध झाली. एड ग्रीनवुड यांनी १९८३ मध्ये नऊ नरकांचे सविस्तर वर्णन केले. जेफ ग्रब यांच्या मॅन्युअल ऑफ द प्लेन्स (१९८७) या ग्रंथात हे सर्व साहित्य एकत्र आले. त्यात प्रत्येक भुवनातील गुरुत्वाकर्षण, काल व मंत्रप्रभाव यांचे नियम बारकाईने दिले आहेत. ग्रंथ विद्वत्तापूर्ण होता. तथापि अग्निभुवनात पाऊल टाकताच पात्र भस्म होत असेल, तर तेथे गोष्ट कशी घडावी, ही अडचण त्याने दूर केली नाही.

धार्मिक वाद : १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला. १९८३ मध्ये त्याविरुद्ध एक संघटनाही स्थापन झाली. आरोपांना आधार नव्हता, तरी प्रकाशकांनी माघार घेतली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ व ‘डेव्हिल’ हे शब्द वगळण्यात आले आणि १९९१ मध्ये त्यांच्या जागी तानारी व बाटेझू ही कृत्रिम नावे आली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जुने शब्द परतले.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी असूनही त्याची चर्चा त्या काळी क्वचितच झाली. जेम्स वॉर्ड व रॉबर्ट कुंट्झ यांच्या डीइटीज अँड डेमिगॉड्स (१९८०) या ग्रंथात ग्रीक, नॉर्स, ईजिप्शियन इ. देवतांबरोबर इंद्रादी भारतीय देवताही समाविष्ट होत्या. प्रत्येक देवाच्या नावापुढे तो किती घाव सोसू शकतो, याचा आकडा दिलेला होता. पूजा बंद पडलेल्या देवता व आजही ज्यांची पूजा होते त्या देवता, असा भेद त्यात केलेला नव्हता. ज्याची मोजणी होते त्याचा वधही होऊ शकतो, हे या खेळाचे व्याकरण आहे. म्हणून हा केवळ सजावटीचा प्रश्न नव्हता. बौद्ध परंपरेतील निर्वाण ही तृष्णाक्षयाची अवस्था आहे. १९७८ च्या नकाशात ‘निर्वाण’ हे निव्वळ नियमबद्धतेचे भुवन झाले आणि १९८७ पर्यंत तेथे एकमेकांत अडकून फिरणारी प्रचंड दंतचक्रे दिसू लागली. राक्षस ही संज्ञा १९७७ पासून व्याघ्रमुखी मायावी प्राण्यासाठी वापरली जात आहे. यात हेतुपुरस्सर अवहेलना होती असे दिसत नाही. मात्र दुसऱ्याचे पवित्र शब्द हे वापरास मोकळे असलेले साहित्य आहे, अशी समजूत त्यामागे होती. कालांतराने प्रकाशकांची दृष्टी बदलली. १९९४ मध्ये निर्वाणाचे नाव मेकॅनस झाले व इतर अनेक धार्मिक नावेही बदलली. भारतीय देवता १९९० च्या संग्रहात होत्या. २००२ च्या संग्रहात त्या नाहीत.

प्लेनस्केप : १९९४ मध्ये डेव्हिड कुक यांनी रचलेल्या प्लेनस्केप या मालिकेने भुवनकल्पनेला नवे वळण दिले. टोनी डिटर्लिझी यांच्या चित्रांनी तिचे दृश्यरूप घडविले. मालिकेच्या केंद्रस्थानी सिजिल हे नगर आहे. बाह्य भुवनांच्या मध्यवर्ती प्रदेशातील एका अनंत उंचीच्या सुळक्यावर तरंगणाऱ्या कड्याच्या आतील बाजूस ते वसलेले आहे. त्याची कोणतीही कमान योग्य किल्ली मिळाल्यास दुसऱ्या भुवनाचे दार ठरू शकते. येथे देवदूत व दैत्य एकाच खाणावळीत बसतात. नगरावर पंधरा तत्त्वपंथांचा प्रभाव आहे. नगरवासीयांची बोली लंडनच्या जुन्या चोरभाषेवर आधारलेली आहे.

प्लेनस्केपचे मुख्य सूत्र असे, की बाह्य भुवनांत श्रद्धेने वास्तव घडते. सोळा भुवनांच्या वेशीवर सोळा नगरे आहेत. त्यांपैकी एखाद्या नगरातील रहिवाशांची वृत्ती शेजारच्या भुवनाशी पूर्णपणे एकरूप झाली, तर ते नगरच सरकून त्या भुवनात विलीन होते. नीतीचा भूगोल तोच राहिला. पण त्याच्या सीमा माणसांच्या मतांनी हलू लागल्या. अग्निभुवनात गोष्ट कशी घडावी, या जुन्या अडचणीचेही उत्तर येथे मिळाले. प्रवासाचे प्रयोजन लुटीपेक्षा विवादात शोधले गेले. १९९७ मध्ये विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली व १९९८ मध्ये ही मालिका थांबली. तिच्यावर आधारित प्लेनस्केप : टॉर्मेंट (१९९९) हा संगणकीय खेळ आपल्या संवादलेखनामुळे विशेष वाखाणला गेला.

अन्य परंपरा : ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) यांच्या ग्लोरँथा या विश्वाने निराळा मार्ग स्वीकारला. १९७८ च्या रूनक्वेस्ट या खेळाची ती पार्श्वभूमी होय. तेथे पारलौकिक प्रदेश म्हणजे देवांचा काळ. पुराणकथा ज्यात सदैव घडत असतात असे क्षेत्र. उपासक विधीद्वारे तेथे प्रवेश करतो व आपल्या देवाचे चरित्र स्वतः जगतो. कथेपासून ढळण्यात धोका असतो, तसेच जग बदलण्याची शक्तीही असते. येथे नकाशापेक्षा विधीला महत्त्व आहे. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे अध्यापन करणारे एम. ए. आर. बार्कर (१९२९–२०१२) यांच्या एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन (१९७५) या खेळातील टेकुमेल हे जग तर मूळ विश्वापासून तुटून एका बंदिस्त भुवनात पडलेले आहे. मेज : द असेन्शन (१९९३) या खेळात सामान्य वास्तव हेच बहुसंख्यांच्या संमतीने टिकलेले मानले आहे.

उत्तरकालीन स्थित्यंतरे : कीथ बेकर यांच्या एबरॉन (२००४) या विश्वात तेरा भुवने ग्रहांप्रमाणे भ्रमण करतात, जवळ आली की जगावर प्रभाव टाकतात आणि देवांचे अस्तित्व संदिग्ध राहते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने महाचक्र सोडून दिले. ॲस्ट्रल सागर व महाभूतांचा कल्लोळ, तसेच जगाच्या प्रतिबिंबांसारखी परीभुवन व छायाभुवन, अशी सुटसुटीत रचना तिने मांडली. त्याच आवृत्तीत नैतिक कल नवांवरून पाचांवर आले. नीतीची चौकट बदलताच भूगोलही बदलला, हे लक्षणीय आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत महाचक्र परत आले व परीभुवन आणि छायाभुवनही कायम राहिली. २०२३ मध्ये प्लेनस्केपचे नवे रूप प्रसिद्ध झाले.

२०२२ मधील जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल हा साहससंग्रह या संदर्भात उल्लेखनीय आहे. ईथरी भुवनाच्या गाभ्यातील एका नगरापासून निरनिराळ्या संस्कृतींवर बेतलेल्या भूमींकडे वाटा जातात, अशी त्याची योजना आहे. त्या संस्कृतींशी नाते असलेल्या लेखकांनी ही साहसे लिहिली. त्यांपैकी बंगालच्या परंपरेवर आधारलेली शंखभूमी ही मिमी मंडल या भारतीय लेखिकेची निर्मिती होय. १९८० मध्ये भारतीय परंपरा या खेळात आकड्यांच्या तक्त्यातून आली होती. येथे ती त्या परंपरेत वाढलेल्या लेखिकेच्या हातून आली.

मूल्यमापन : भूमिका-खेळांनी धर्म, गूढविद्या व ललित वाङ्मय यांतून घेतलेल्या सामग्रीचे नियमांच्या साहाय्याने एक अभ्यासनीय विश्व घडविले. त्यातील सर्वांत टिकाऊ कल्पना आकृतीतल्या सोळा कप्प्यांत नसून, परक्या भुवनात गेल्यावर आपले नियम चालत नाहीत या साध्या जाणिवेत आहे. ज्या साहसांनी ही जाणीव खेळाडूच्या विचारापर्यंत पोहोचविली, ती लक्षात राहिली. ज्यांनी स्वर्ग-नरकाला केवळ मोठ्या राक्षसांचे कोठार मानले, ती सामान्य ठरली. हाच न्याय खेळाच्या निर्मात्यांनाही लागू पडतो. दुसऱ्यांच्या श्रद्धांच्या प्रदेशात ते आपलेच नियम घेऊन शिरले, तेव्हा त्यांना तेथे आकडे व दंतचक्रे यांपलीकडे फारसे काही दिसले नाही. तेथील नियम जाणणाऱ्यांच्या हाती रचना सोपविल्यानंतर त्या प्रदेशांना स्वतःचा आवाज मिळू लागला.